चित्राची पाठ

जुने प्रार्थनापुस्तक उघडावे आणि त्यातून एखादे बोटभर लांबीचे चित्र घरंगळून मांडीवर पडावे, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांच्या गाठी आहे. पुढच्या बाजूस येशूचे पवित्र हृदय, पवित्र मरिया किंवा बाळ येशूला कडेवर घेतलेले संत अंतोन. कडेला कागदी जाळीची नक्षी. मागच्या बाजूस छापील प्रार्थना, आणि प्रार्थनेखाली कोणाच्या तरी हातची दोन ओळींची नोंद. आमच्या लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठांतर बिनचूक झाले की असे एक चित्र बक्षीस मिळे. वर्ग सुटला की व्हरांड्यात त्यांचा बाजार भरायचा. दोन संत अंतोन दिले की अजगराला भाला मारणारा एक संत जॉर्ज मिळे, कारण घोडा फक्त त्याच चित्रात होता. या सौद्यात संतांच्या योग्यतेचा काडीमात्र संबंध नव्हता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

या चिमुकल्या चित्रांचा इतिहास शोधावा असे मला वाटले ते मात्र भक्तीमुळे नव्हे, एका चुकीमुळे. आणि ती चूक माझी स्वतःची होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली. सखल वस्त्यांतील घरे सोडून माणसे मिळेल तिकडे गेली. नदीपासून दूर, तासगाव रस्त्यावरच्या माधवनगरात ज्यांचे नातलग होते ती त्यांच्याकडे आली. आपल्याही काही कुटुंबांनी तेथे आसरा घेतला. पाणी ओसरल्यावर घरोघरी जाताना मला एक गोष्ट वारंवार दिसली. भिंतीवर काचेत मढवून लावलेली मोठी चित्रे गेली होती. चौकटीत पाणी शिरले की कागद काचेला चिकटतो, आणि सोडवू जावे तर रंग काचेवर राहतो. कपाटाच्या वरच्या फळीवरच्या प्रार्थनापुस्तकांत दडलेली छोटी चित्रे मात्र पुष्कळ ठिकाणी कोरडी राहिली होती. घरात दुसरी कुठलीही वस्तू जुनी म्हणून उरली नव्हती. उरली होती ती ही.

आगमनकाळात या चित्रांचे एक प्रदर्शन भरवावे, अशी कल्पना तरुणांनी काढली. माधवनगर हे यंत्रमागांचे गाव. तेथील एका कुटुंबाची शेड रिकामी होती. माग मोडीत निघाले होते, जमिनीवर त्यांच्या पायांच्या खुणा तेवढ्या होत्या. घराघरांतून सुमारे तीनशे चित्रे जमली. मुलांनी प्लायवूडचे चार मोठे तक्ते आणले, त्यांवर पांढरा कागद लावला आणि चित्रांची एक भव्य क्रूसाकृती रचली. पवित्र मरियेची निळी चित्रे मध्यभागी, पवित्र हृदयाची तांबडी आडव्या भुजेवर, संतांची कडेने. रचना खरोखर देखणी होती. चित्रे पक्की बसावीत म्हणून पांढऱ्या डिंकाने चिकटवली होती. मला विचारले होते. मी "उत्तम" म्हटले होते.

पहिल्याच संध्याकाळी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी त्या क्रूसासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग एका चित्राकडे बोट दाखवून म्हणाल्या, "फादर, ते आमचं चित्र. जरा उलटं करून दावता का?"

उलटे करता येण्यासारखे नव्हते. त्या चित्राच्या पाठीवर त्यांच्या पहिल्या बाळाची जन्माची व मरणाची तारीख लिहिलेली होती. दोन्हींत दोनच दिवसांचे अंतर होते. बाळाला रुग्णालयातच एका परिचारिकेने घाईने बाप्तिस्मा दिला होता. तशी नोंद धर्मग्रामाच्या वहीत व्हायला हवी. मी नंतर वही काढून पाहिली, ती झालेली नव्हती. तारीख फक्त त्या चित्राच्या पाठीवर होती, आणि पाठ आम्ही तक्त्याला चिकटवली होती.

आजी रागावल्या नाहीत. "बरं, राहू द्या," एवढेच म्हणाल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून फावल्या वेळात मी एकच प्रश्न घेऊन वाचीत आलो आहे: जिला दोन बाजू आहेत अशी वस्तू माणसांनी आजवर कशी मांडली?

छापील चित्र आणि भक्ती यांची युरोपात गाठ पडली ती सहाशे वर्षांपूर्वी. लाकडी ठशावरून कागदावर चित्र उठवण्याची कला तेथे पंधराव्या शतकाच्या आरंभी रुजली. त्या ठशांवरून दोनच वस्तू मुबलक निघत: संतांची चित्रे आणि खेळायचे पत्ते. कारागीर तेच, कागद तोच, रंगही तेच. सिएनाचे संत बर्नार्डीन यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. १४२३ च्या सुमारास बोलोन्या शहरात त्यांनी जुगाराविरुद्ध असे प्रवचन केले की लोकांनी पत्त्यांची होळी केली. तेव्हा पत्ते रंगवणारा एक कारागीर रडत आला: आता मी खाऊ काय? संतांनी त्याला येशूच्या नामाची अक्षरे काढून दाखवली आणि यापुढे हे रंगव असे सांगितले. पुढे त्या कारागिराला पत्त्यांहून अधिक कमाई झाली म्हणे. आख्यायिका आख्यायिकेच्याच मोलाने घ्यावी. पण पत्ता आणि संतचित्र एकाच कुळातले, हा तिच्यातला मुद्दा इतिहासाला धरून आहे. आमच्या व्हरांड्यातल्या बाजाराची मुळे इतकी जुनी आहेत, हे वाचून मला थोडा दिलासा वाटला.

त्याच १४२३ सालाचा आकडा एका चित्रावर कोरलेला आहे. हे संत ख्रिस्तोफरचे चित्र आज इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. युरोपातील सालाची नोंद असलेल्या छापचित्रांत ते अत्यंत जुने गणले जाते. खांद्यावर बाळ येशूला घेऊन, झाडाचा सोटा टेकीत संत पुराची नदी ओलांडत आहे. ज्या दिवशी हे चित्र पाहशील त्या दिवशी तुला वाईट मरण येणार नाही, अशा अर्थाचा मजकूर खाली आहे. अशी चित्रे त्या काळी असंख्य छापली गेली असतील. दारावर लावलेली, खिशात बाळगलेली ती सगळी झिजून, फाटून, भिजून गेली. हे एक उरले, कारण जर्मनीतील बुक्सहाइमच्या कार्थुसियन मठात कोणीतरी ते एका हस्तलिखिताच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस चिकटवले होते. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या पुठ्ठ्याच्या आत, गाब्रिएल देवदूत मरियेला निरोप देत आहे असे चित्र आहे. पुस्तक मिटले की दोन्ही चित्रे अंधारात. उघडले की वाचकाचे स्वागत करायला हजर. पूर पाहिलेल्या सांगलीकरांना हे पटायला फार विवेचन नको. आमच्याकडेही वाचली ती पुस्तकातलीच चित्रे.

छापील ख्रिस्ती चित्रे भारतात आली ती मुख्यतः गोव्याच्या मार्गाने. १५८० च्या आरंभी फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे येशूसंघीय सोबती फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोचले. त्यांनी बादशहाला अँटवर्पच्या प्लांतँ यांच्या छापखान्यात छापलेले बहुभाषी बायबल नजर केले. त्याच्या खंडांत ताम्रपटावरून छापलेली चित्रे होती. बादशहाने ते खंड आदराने मस्तकी लावले, असा वृत्तान्त त्या सोबत्यांपैकी फादर मोन्सेराते यांनी लिहून ठेवला आहे. (फादर रुडॉल्फ १५८३ मध्ये गोव्यात कुंकळ्ळी येथे हुतात्मा झाले, हे वाचकांना ठाऊक आहेच.) दरबारच्या चितारांनी या चित्रांच्या नकला केल्या. पुढे जहांगिराने तर युरोपीय छापचित्रे जमवण्याचा छंदच लावून घेतला. ती चित्रे तो आपल्या चित्रसंग्रहांत डकवून घेई आणि भोवतीच्या रुंद समासात आपल्या चितारांकडून सोन्याची वेलबुट्टी, पक्षी, माणसे काढवून घेई. अशा संग्रहाला मुरक्का म्हणत. त्यांपैकी एक प्रसिद्ध मुरक्का आज तेहरानच्या गुलिस्तान महालात आहे.

या मुरक्क्यांची बांधणी पाहण्याजोगी आहे. पानाच्या एका बाजूस चित्र, दुसऱ्या बाजूस सुलेखन. ग्रंथ उघडला की एकदा समोरासमोर दोन चित्रे येतात, पान उलटले की समोरासमोर दोन अक्षरपृष्ठे. म्हणजे चित्राला पाठ असते आणि त्या पाठीवर शब्द असावेत, ही जाणीव त्या रचनेत होती. मूळ छापचित्राची स्वतःची पाठ मात्र लगद्याखाली गेली ती गेलीच. बादशहालाही आमच्यासारखीच चूक चुकली नाही, असे म्हणावे लागते.

आपल्या जवळचे, आणि पत्त्यांच्या घराण्यातले, उदाहरण सावंतवाडीच्या गंजिफांचे. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आहे. त्या खेळाला आपल्याकडे दशावतारी रूप मिळाले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२० गोल पाने. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्यापासून दश्शापर्यंत पाने. चिंचोक्याच्या खळीने कडक केलेल्या तळावर हाताने रंगवायचे आणि वर लाखेचा हात द्यायचा. ही कला मरणपंथाला लागली असताना शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजवाड्यातच कारागीर बसवून ती जगवली. आजही तेथे जाणाऱ्याला चितारी काम करताना दिसतात. गंजिफांची मांडणी म्हणजे त्यांची रंगीत लाकडी पेटी. पेटीवरच इतकी चित्रे असतात की ती न उघडताही शोभा देते. पण मला अधिक विचारात पाडले ते गंजिफेच्या पाठीने. सगळ्या पानांची पाठ एकाच रंगाची, एकसारखी, निष्कलंक असावी लागते. पाठीवर एखादा ओरखडा पडला तर पान ओळखू येते आणि डाव बाद होतो. संतचित्राचे नेमके उलट आहे. त्याची पुढची बाजू शेकडो घरांत एकसारखी असते, आणि कोणाचे चित्र कोणते हे ओळखायचे ते पाठीवरूनच.

संतचित्रांच्या पाठीवर माणसांची नावे येऊ लागली त्याचा एक मोठा उगम सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये आहे. तेथे त्या वेळी कॅथलिकांना उघडपणे उपासना करण्याची मोकळीक नव्हती. मिस्सा होत त्या घरांच्या माळ्यांवर, वखारींत. दिवंगतांसाठी प्रार्थना करण्याची आठवण मात्र कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते. लहान चित्राच्या मागे मृताचे नाव आणि मृत्यूची तारीख लिहून ते आप्तांना वाटण्याची प्रथा तेथे पडली. ते चित्र प्रार्थनापुस्तकात राही, आणि पान उघडले की त्या आत्म्यासाठी एक प्रार्थना आपोआप होई. पुढे हीच प्रथा गुरुदीक्षा, प्रथम मिस्सा, प्रथम ख्रिस्तप्रसाद अशा प्रसंगांपर्यंत पसरली आणि जगभर गेली. माझ्या स्वतःच्या गुरुदीक्षेच्या चित्रामागे माझ्या आईचे नाव दिवंगतांत छापावे लागले होते. ते चित्र माझ्या प्रार्थनापुस्तकात आजही आहे.

एकोणिसाव्या शतकात मात्र चित्रांचा महापूरच आला. जर्मनीत आलोइस झेनेफेल्डर याने १७९६ ते १७९८ या काळात शिळाछापाची युक्ती शोधली आणि १८३७ मध्ये गोदफ्रुआ एंगलमान याने रंगीत शिळाछापाचे पेटंट घेतले. रंगीत चित्र एवढे स्वस्त झाले की दुकानदार ते फुकट वाटू लागले. पॅरिसचे बाँ मार्शे हे भव्य दुकान गिऱ्हाइकांच्या मुलांना चित्रपत्रे देई. लीबिग कंपनी मांसाच्या अर्काच्या बाटलीबरोबर सहा-सहा चित्रांचे संच देई, आणि पाठीवर पाककृती किंवा जाहिरात असे. सिगारेटच्या मऊ पाकिटाला ताठपणा यावा म्हणून आत घातलेला पुठ्ठ्याचा तुकडाही चित्रमय झाला. जहाजे, पक्षी, क्रिकेटपटू, राजे, सगळे त्यावर आले. बाप सिगारेट ओढी आणि मुलगा संच पुरा करी. सिगारेट कंपन्यांचा हा पुण्यमार्ग मला मुळीच मान्य नाही. पण त्यांनी एक गोष्ट शहाणपणाने केली, ती सांगतो. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये या पत्त्यांसाठी खास वह्या निघाल्या. पत्ता ओला करून वहीत डकवायचा. तसे केले की पाठीवरची माहिती झाकली जाणार, हे कंपनीने ओळखले आणि प्रत्येक चित्राच्या चौकोनाखाली तीच माहिती वहीत छापून दिली. १९४० मध्ये युद्धामुळे कागदाची टंचाई झाली आणि हे पत्ते बंद पडले. वह्या मात्र राहिल्या. एका पैशाच्या वस्तूची पाठ जपण्याची जी दक्षता तंबाखूच्या व्यापाऱ्याने घेतली, ती एका धर्मगुरूने तीनशे संतचित्रांच्या बाबतीत घेतली नव्हती!

महाराष्ट्रात पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून देवादिकांची व इतिहासपुरुषांची रंगीत शिळाछाप चित्रे घराघरांत पोचवली. त्यानंतर राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. मुंबईत प्लेगने थैमान घातल्यावर तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला आणि पुढे जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर याच्या मालकीचा झाला. रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वती चौकटींत शिरल्या, दिनदर्शिकांवर चढल्या, काड्यापेट्यांवर आणि कापडाच्या ताग्यांवरच्या छापांवरही पोचल्या. घरोघरच्या स्त्रियांनी या चित्रांना जे केले ते तर कोणत्याही संग्रहालयाला सुचले नसते. देवीच्या छापील लुगड्यावर खऱ्या जरीचे काठ शिवले, दागिन्यांच्या जागी मणी आणि टिकल्या ओवल्या, आणि मग ते चित्र काचेत घातले. छापखान्यातून हजारो एकसारख्या प्रती निघाल्या. बायकांच्या सुईने त्यांतली एकेक वेगळी झाली.

ताग्यांवरच्या छापांवरून पुन्हा माधवनगरकडे येतो. तेथे सुताशी आयुष्य घालवलेल्या एका गृहस्थांची पत्र्याची ट्रंक त्यांच्या मुलाने मला दाखवली. झाकणाच्या आतल्या बाजूस चित्रेच चित्रे: कापडगिरण्यांचे छाप, काड्यापेटीच्या पट्ट्या आणि मधोमध पवित्र मरिया. पूर्वी कापडाच्या प्रत्येक ताग्यावर गिरणीचा चित्रछाप असे. ज्याला अक्षर येत नाही तो गिऱ्हाईकही हत्तीवाला किंवा मोरवाला माल बरोबर मागे. खोलीत भिंत स्वतःची नव्हती, म्हणून कामगाराने ट्रंकेचे झाकण हीच भिंत केली. कपडे काढायला झाकण उघडले की रोज दर्शन. मी त्या मुलाला भीतभीतच विचारले, मागे काही लिहिलेले आहे का पाहता येईल? त्याने ओले फडके दहा मिनिटे ठेवले आणि मरियेचे चित्र अलगद सोडवले. मागे विवाहाची तारीख होती, पेन्सिलीची, स्वच्छ. चित्र डिंकाने नव्हे, खळीने लावले होते!

सुताला कांजी देणाऱ्या गावात खळीची महती सांगावी, हे धाडसच. खळ पाण्याने विरघळते. तिने लावलेले सोडवता येते. कागद जतन करणारे जाणकार आजही गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात ती याच कारणासाठी. तिला कसर लागते हा तिचा दोष, पण कसर आवरता येते. आमचा पांढरा डिंक वाळला की प्लास्टिकसारखा होतो. आम्ही चारही तक्ते गरम पाण्याच्या फडक्यांनी भिजवीत दोन महिने खपलो. निम्म्याहून अधिक चित्रे निघाली. पेन्सिलीचे लेखन बहुतेक टिकले. शाईचे पसरले. काही पाठींचा पापुद्रा तक्त्यालाच राहिला, आणि तेथे अक्षरे उलटी उमटलेली आम्ही आरशात धरून वाचली. आजींच्या चित्रामागे शाई होती. निळा डाग तेवढा हाती आला. त्यात महिन्याच्या नावाचे पहिले अक्षर असावे असे मला वाटले, तरुणांना तसे वाटले नाही.

मग महामारी आली, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर. निवळल्यावर मी त्याच तरुणांना घेऊन औंधला गेलो. पंतप्रतिनिधी बाळासाहेबांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगराच्या वाटेवर उभारलेले श्रीभवानी चित्रसंग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. राजा स्वतः चित्रकार, त्यामुळे मांडणीत जाण आहे. रविवर्म्यांची मूळ तैलचित्रे तेथे आहेत. त्यांच्यासमोर उभे असता आमच्यातला एक मुलगा म्हणाला, "फादर, यांच्या पाठी भिंतीकडंच. मागं कोण काय लिवणार?" मूळ चित्र एकच असते आणि ते जागचे हलत नाही, म्हणून त्याला पाठ नसली तरी चालते. आपली चित्रे हातातून हातात जाण्यासाठी जन्मलेली. ती भिंतीला लावायची वस्तूच नव्हे, हे त्या मुलाच्या बोलण्याने माझ्या ध्यानात आले.

दुसरे प्रदर्शन आम्ही नोव्हेंबर २०२२ मध्ये, मृतांच्या महिन्यात, त्याच शेडमध्ये भरवले. तक्ते नव्हते. या खांबापासून त्या खांबापर्यंत छातीच्या उंचीवर सुताचे दोर ताणले. प्रत्येक चित्र पारदर्शक कागदाच्या पाकिटात घालून दोराला लाकडी चिमट्याने टांगले. डिंकाचा थेंब नाही. लोक दोरांच्या दोन्ही बाजूंनी फिरत होते. गुरुदीक्षेची आणि प्रथम ख्रिस्तप्रसादाची चित्रे दाराकडच्या रांगेत, मृतांची आतल्या रांगेत, वर्षांच्या क्रमाने. फार नाजूक झालेली चित्रे दोन काचांमध्ये धरून खिडकीपासून लांब, चौरंगावर उभी केली, कारण उन्हाने छापील तांबडा रंग लवकर उडतो. ट्रंक तशीच, झाकण उघडे टाकून, मध्यभागी ठेवली. मुलांनी आपल्या वयाचीही एक रांग लावली होती: बबलगमबरोबर मिळालेले क्रिकेटचे पत्ते आणि परदेशी कुस्तीगीरांचे पत्ते, एका थोरल्या भावाच्या शाळकरी वयातले. हिंदकेसरी मारुती माने यांच्या जिल्ह्यात हे दाढीवाले मल्ल पाहून मला गंमत वाटली, पण काढा म्हणालो नाही. त्यांच्याही पाठीवर वजन, उंची आणि खाली मालकाचे नाव होतेच.

टांगण्यापूर्वी प्रत्येक पाठीचा मजकूर आम्ही एका वहीत उतरवला. ती वही आता धर्मग्रामाच्या नोंदवह्यांशेजारी आहे. तीन दिवसांनी सर्व चित्रे ज्यांची त्यांना परत गेली.

त्या तीन दिवसांत मी एक पाहिले. दोरांच्या पुढच्या बाजूने लोक झपझप जात. मागच्या बाजूला गर्दी थांबलेली असे. माणसे मान वाकडी करून, चष्मा सावरून वाचीत होती. कोणी कोणाला हाक मारून बोलावीत होते: हे बघ, तुझ्या आजोबांचं अक्षर.

आजी दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन आल्या. त्यांचे चित्र आम्ही आतल्या रांगेत लावले होते. तारीख आठवत असेल तर शेजारी चिठ्ठी लावू, असे मी आधी जाऊन त्यांना विचारले होते. त्यांनी नको म्हणून सांगितले. चुकीची लिहिली तर बाळाला कसं चालेल, म्हणाल्या. मुलगा दोराखालून वाकून पलीकडे गेला, निळ्या डागाकडे पाहून म्हणाला, "आजी, हितं काय बी लिवलेलं न्हाई."

आजी दोराच्या अलीकडे, मरियेच्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी तेथूनच त्याला बाळाचे नाव सांगितले, आणि त्या दिवशी पाऊस कसा पडत होता ते सांगू लागल्या.